कर कोणाचा, कोणासाठी?



अर्थशास्त्र मी शाळेत शिकलो नाही. कामगारांच्या पगारचिठ्ठ्या वाचता वाचता शिकलो. त्या चिठ्ठीवर ‘व्यवसाय कर’ म्हणून रक्कम कापलेली असते. कामगार विचारतो, हे कशासाठी? प्रश्न रास्त आहे.

प्रथम आपले वाशीमच पाहू. चौथ्या शतकात येथून, म्हणजे तेव्हाच्या वत्सगुल्माहून, वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने ब्राह्मणांना एक गाव दान दिले. त्या गावाला फुले, दूध, चारा, कातडी, कोळसा पुरविण्यापासून सूट असल्याचे ताम्रपटात कोरले आहे. इतर गावांच्या माथी काय होते, ते यावरून उमगते. द्यायचे किती, माफ कोणाला, हे राजा ठरवी.

आज राज्यघटनेचे २६५वे कलम सांगते, कायद्यावाचून कर नाही. आणि कायदा करणारे आपण निवडून देतो. हा कराचा राजकीय पाया. आर्थिक पाया म्हणजे श्रमातून झालेली संपत्ती. बाजारात सोयाबीनची पोती उचलणारा हमाल म्हणतो, मी कर भरत नाही. अहो, साबणाची वडी घेतानाच तो कर भरून जातो!

सामाजिक पाया व्यवसाय कराने दाखविला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर लागू झाली. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा आला. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने या व आणखी काही करांचे उत्पन्न एका निधीत घातले, आणि सरकारने तेवढीच भर टाकावी असे ठरविले. मुंबईच्या नोकरदाराचा रुपया खेड्यातल्या बांधावर मजुरी होऊन पोहोचू लागला. खडी फोडणाऱ्या बाईला काम मागण्याचा हक्क मिळाला.

पण पाया भक्कम म्हणून भिंत सरळ उभी राहतेच असे नाही. घटनेने या कराला वर्षाला २५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. १९८८ पूर्वी ती २५० होती. परिणामी, महिना तीस हजार मिळविणारा कामगार २५०० देतो आणि तीन लाख मिळविणारा साहेबही २५०० च देतो. यात ऐपतीचा विचार कुठे राहिला?

म्हणून ‘कर नको’ ही आपली घोषणा असू नये. कर ऐपतीप्रमाणे घ्या आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवा, अशी मागणी करू या. देणाऱ्याने हिशेब मागितला, तरच तो नागरिक; एरवी तो प्रजाच.