डोंगरमाथ्यावरील सात घरे

इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर, अरण्याने वेढलेले वाए रेबो हे गाव आहे. शेवटची चढण पायीच चढावी लागते. मांगराई लोकांची येथील घरे शंकूच्या आकाराची, जमिनीपर्यंत शाकारलेली. दुरून पाहणाऱ्यास भाताच्या उडव्याच भासाव्यात. प्रत्येक घरास पाच मजले. तळाशी अनेक कुटुंबे एकत्र नांदतात. वर धान्य, त्यावर बियाणे, त्याहून वर दुष्काळासाठी राखलेला शिधा आणि अगदी माथ्याशी पूर्वजांचा नैवेद्य. दुष्काळास घरातच एक मजला देणारी ही दूरदृष्टी सामान्य नव्हे.

एके काळी सातांपैकी चारच घरे उरली होती. २००८ नंतर इंडोनेशियातील वास्तुशिल्पज्ञांच्या साहाय्याने ग्रामस्थांनी सातही पुन्हा उभी केली. २०१२ साली युनेस्कोने त्या कार्याचा गौरव केला. आता प्रवासी येतात. कॉफीच्या जोडीला त्यांच्याकडूनही चार पैसे मिळतात.

शाळा मात्र डोंगराखाली. शिकणारी मुले खालच्या कोंबो गावी राहतात आणि सुट्टीत वर येतात. शिकून ती कॉफीच्या मळ्यांकडे परततील, की किनाऱ्यावरील लाबुआन बाजोच्या हॉटेलांत चाकरी धरतील, हीच वडीलधाऱ्यांची चिंता. घर शाकारण्याची विद्या कोंबोच्या शाळेत शिकवली जात नाही.