चपळाईचा सराव आणि रक्त

राणी लक्ष्मीबाईंच्या नावाची शारीरिक शिक्षण संस्था ग्वाल्हेरमध्ये 1957 साली, म्हणजे 1857 च्या उठावाच्या शताब्दीला सुरू झाली. खेळाडूच्या शरीरात सरावाने काय बदलतं, हा अशा संस्थांच्या अभ्यासाचा विषय.

फुटबॉल खेळणारी मुलं शंकूंमधून नागमोडी धावतात, थबकतात, वळतात. पहिले काही सेकंद स्नायू साठवलेल्या ऊर्जेवर चालतात. धावा लागोपाठ झाल्या की साखर झपाट्याने वापरली जाते आणि रक्तात लॅक्टेट वाढतं. विश्रांतीत ते लिटरला साधारण 1 मिलिमोल असतं, जोरदार सरावात 10 च्या वर जाऊ शकतं. लॅक्टेटला घाबरू नका! हृदय त्याचाच इंधन म्हणून उपयोग करतं आणि तासाभरात ते पूर्ववत होतं. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात त्याला लॅक्टेट जबाबदार नसतं.

खरं लक्ष द्यावं ते क्रिएटिन कायनेजकडे. अचानक थांबताना, दिशा बदलताना स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते आणि हे विकर रक्तात उतरतं. एक ते तीन दिवस ते चढं राहू शकतं. म्हणून प्रशिक्षकांनो, असा कसून सराव रोज घेऊ नका, मध्ये हलका दिवस ठेवा.

वाढत्या वयात लोहाची गरजही मोठी असते, मुलींची तर अधिकच. मूल लवकर दमत असेल तर त्याला आळशी ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन तपासा. जेवणात हिरव्या पालेभाज्या, कडधान्यं आणि सोबत लिंबू असू द्या.