नाव यादीत नसले तरी



आज संघाच्या यादीत ज्यांचे नाव आले नाही, त्यांच्याशी दोन शब्द बोलतो.

आपल्या हैदराबादच्या मोहम्मद सिराजचे वडील ऑटो चालवत. नोव्हेंबर 2020 मध्ये ते गेले, तेव्हा सिराज भारतीय संघाबरोबर ऑस्ट्रेलियात होता. अकरांत जागा मिळण्याची खात्री नव्हती, तरी तो तिथेच राहिला. ॲडलेडच्या कसोटीत शमीचा हात मोडला आणि 26 डिसेंबरला मेलबर्नमध्ये सिराजला संधी मिळाली.

कर्णधार होता आपला अजिंक्य रहाणे. त्यानेही वर्षाहून अधिक काळ राखीव म्हणून काढला होता. 2013 साली दिल्लीत अखेर पहिली कसोटी मिळाली, त्यात धावा झाल्या 7 आणि 1! मेलबर्नला त्याने 112 धावा काढल्या, सिराजने सामन्यात पाच बळी घेतले आणि भारत जिंकला.

मुलांनो, निवड दुसऱ्याच्या हाती असते, तयारी आपल्या. आणि पालकहो, बाहेर बसून घरी आलेल्या मुलाला ‘तुला का नाही घेतलं?’ असे विचारू नका. ‘उद्या सराव किती वाजता?’ एवढेच विचारा.

गणपती बाप्पा मोरया!