वाटेवर टिकणारी मेंढी
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मेंढ्याच्या निवडीविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. बाजारात मेंढा पाहताना आपली दृष्टी प्रथम त्याच्या अंगावर जाते. पायांकडे व श्वासाकडे फारशी जात नाही. ज्यांचा वाडा दिवाळीनंतर कोकणात उतरतो आणि पावसाच्या तोंडावर घाट चढतो, त्यांना ही चूक महाग पडते.

मेंढीच्या देहाचे तापमान सुमारे ३९ अंश. ते राखण्यासाठी ती घामापेक्षा धापेवरच अधिक विसंबते. चालण्याने स्नायूही उष्णता निर्माण करतात, आणि तो भारही श्वासावरच पडतो. राजस्थानात अविकानगरच्या संस्थेत माळपुरा मेंढ्यांवर प्रयोग झाले. त्यांत दिसले, की ऊन, चाल आणि अपुरा चारा यांपैकी एकेक ताण सोसणारी मेंढी ते एकत्र आले म्हणजे फार खचते. आपल्या वाटेवर तर हे तिन्ही एकत्रच येतात!

दख्खनी मेंढी लहान चणीची. तिची लोकर भरड व मोकळी. तीतून वारा खेळतो. काळा रंग ऊन अधिक शोषतो हे खरे, परंतु तापतात ती मुख्यतः लोकरीची टोके. मेरिनो अथवा रॅम्बुलेची लोकर दाट. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या कुरणांत मेरिनो सुखाने नांदते. दोष तिचा नव्हे. मात्र कोकणच्या दमट हवेत धापेने थंडावा थोडाच मिळतो.

माझ्या वडिलांनी एका कार्यालयातून असा संकरित मेंढा आणला होता. त्याची कोकरे पांढरीशुभ्र. घरात केवढा आनंद! दुसऱ्या वर्षी वैशाखात घाट चढताना त्या पाठी प्रत्येक झाडाखाली बसू लागल्या. दोन तर घोड्यावर घालून आणाव्या लागल्या. त्या बारीक लोकरीला गिऱ्हाईकही मिळाले नाही.

आता जत तालुक्यातील माडग्याळची चलती आहे. उंच, बाकदार नाकाची, भराभर वाढणारी, भावही मोठा. ती आपल्याच कोरड्या मुलखातील, म्हणून मी तिला नावे ठेवीत नाही. परंतु मोठ्या देहाला चारापाणीही मोठे लागते, आणि तिच्या मोहात शुद्ध दख्खनी मेंढे दुर्मिळ होत चालले आहेत. प्रत्येक वाड्याने एक तरी राखावा, ही माझी हात जोडून विनंती.

आणि मेंढा घेण्यापूर्वी, जमल्यास, चैत्रातील चालीनंतर त्याच्या आईची कूस पाहा. स्वस्थ मेंढीचा श्वास मिनिटास वीसतीस. चालीनंतर तो शंभरावर जाईल. सांज होऊन वाघर लागली तरी तो खाली येत नसेल, तर तो मेंढा तेथेच सोडावा.