डाव सुरू झाल्यावर



कबड्डी, खो-खो, कुस्ती शिकवणाऱ्यांच्या या सभेत मी बर्फावरच्या एका खेळाविषयी बोलणार आहे. प्रशिक्षकाने कुठे थांबावे, याचा धडा मला कर्लिंगमध्ये सर्वांत स्पष्ट दिसला.

सुमारे ४५ मीटर लांबीची बर्फाची पट्टी आणि जवळजवळ २० किलोपर्यंत वजनाचा ग्रॅनाइटचा दगड. एक जण दगड घसरत सोडतो, दोघे पुढचा बर्फ झाडूने घासत त्याला लांब नेतात, सरळ ठेवतात, आणि कप्तान पलीकडच्या टोकाहून ओरडून सूचना देतो. प्रशिक्षक मात्र दूर बाकावर गप्प असतो. टाइम-आउट आणि मध्यंतर सोडले, तर खेळाडूंशी बोलण्याची त्याला मुभा नाही.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताचे ग्लेन हॉवर्ड या बाकावर आले, ते चार जागतिक विजेतेपदे मिळवून. १९८७ आणि १९९३ मध्ये थोरला भाऊ रस कप्तान होता. २००७ आणि २०१२ मध्ये ग्लेन स्वतः. पुढे मुलगा स्कॉट त्यांच्याच संघातून खेळला.

या घराण्याची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या काळी आघाडी मिळाली, की प्रतिस्पर्ध्याचा प्रत्येक दगड उडवून लावायचा आणि सामना थंड करायचा, अशी रीत होती. दोघे भाऊ सराव करत, तेव्हा रस यांनी एक अट घातली: सुरुवातीचे दगड उडवायचे नाहीत. लगेच दगडांची गर्दी होऊ लागली, वाटा शोधाव्या लागल्या, डोके चालवावे लागले. १९९० मध्ये कॅनडातच मॉन्क्टन येथील मोठ्या स्पर्धेत हा नियम वापरला गेला. पहिले चार दगड बाद करायचे नाहीत, असे त्याचे रूप होते. त्यातूनच आजचा आंतरराष्ट्रीय नियम घडला. भावाभावांच्या सरावाने एका जुन्या खेळाचा स्वभाव बदलला! प्रशिक्षणाचा याहून मोठा पराक्रम मला ठाऊक नाही.

ग्लेन स्वतः खेळत असतानाच स्कॉटलंडच्या ईव्ह म्यूरहेड यांच्या संघाला शिकवू लागले. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकाच्या सामन्यात जपानविरुद्ध शेवटचा दगड ईव्ह यांच्या हाती होता. साधला असता, तर पदक होते. तो साधला नाही. संघ चौथा आला. चार वेळा जग जिंकलेल्या माणसाला तो दगड ईव्ह यांच्या हातून आपल्या हाती घेता येणार नव्हता, आणि ते योग्यच आहे. निर्णय खेळाडूचा, म्हणून यशही त्याचे आणि चुकल्याची वेदनाही. २०२२ मध्ये बीजिंगला ईव्ह यांनी नवा संघ घेऊन जपानलाच हरवून सुवर्ण जिंकले.

आपल्याकडे मैदानाच्या कडेने प्रशिक्षक ओरडतो, त्याच्यामागून वडील ओरडतात, आणि चढाईला गेलेले पोर अर्धे लक्ष मागे ठेवते. शिस्तीच्या नावाखाली आपण मुलांची विचार करण्याची सवय मोडत आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांची मुले त्यांच्याच हाताखाली खेळतात, त्यांनी तर हे अधिक जपावे.

माझी आपणा सर्वांना विनंती आहे: येत्या हंगामात आठवड्यातला निदान एक सराव असा ठेवा, की डाव मुले आखतील, नियमही तीच सुचवतील, आणि मध्यंतरापर्यंत आपण एक शब्द बोलणार नाही.