राजांचा वारसा कशाने मोजावा?

(इतिहासविषयक व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित पाठ)



सतराव्या शतकातील युरोपीय राजांचा विषय निघाला की पहिले नाव फ्रान्सच्या चौदाव्या लुईचे घेतले जाते. १६४३ साली, वयाची पाच वर्षेही पूर्ण झालेली नसताना तो गादीवर आला आणि १७१५ पर्यंत तब्बल ७२ वर्षे राजपदावर राहिला. आज त्याच्या शेजारी मी एक अपरिचित नाव ठेवणार आहे. ते म्हणजे ब्रांडेनबुर्गचा अधिपती फ्रीडरिश विल्हेल्म. पवित्र रोमन साम्राज्यात सम्राट निवडण्याचा अधिकार ज्या मोजक्या संस्थानिकांना होता, त्यांपैकी हा एक. १६४० मध्ये त्याने सूत्रे स्वीकारली तेव्हा तीस वर्षांच्या युद्धाने त्याचा प्रदेश उजाड झाला होता.

या दोघांना कोणत्या मोजपट्टीने मोजावे? आपल्या परंपरेत ती उपलब्ध आहे. कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगितली: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. स्वामी हे त्यांपैकी केवळ एक अंग होय. म्हणून राजाचा वारसा ठरविताना बाकीची सहा अंगे त्याने कोणत्या स्थितीत मागे ठेवली, हे पाहिले पाहिजे.

प्रथम लुईच्या पदरात जे पडते ते मोकळ्या मनाने द्यावे. कोल्बेरसारखा कर्तबगार अमात्य त्याने ओळखला. १६६६ मध्ये विज्ञान अकादमी स्थापन झाली. अटलांटिकच्या बाजूच्या गारोन नदीला भूमध्य समुद्राशी जोडणारा, सुमारे २४० किलोमीटर लांबीचा मिदी कालवा त्याच्याच राजवटीत खोदला गेला. मोलिएर आणि रासीन यांची नाटके त्याच्या आश्रयाने बहरली. १६८२ मध्ये राजदरबार व्हर्सायला हलला आणि अवघ्या युरोपने त्या वैभवाचे अनुकरण केले.

परंतु ‘एक राजा, एक कायदा, एक श्रद्धा’ हे फ्रान्समधील जुने सूत्र लुईने अक्षरशः अमलात आणावयास घेतले. चौथ्या हेन्रीने १५९८ मध्ये नांतच्या फर्मानाद्वारे प्रॉटेस्टंट प्रजेला, म्हणजे ह्यूगनॉटांना, उपासनेचे जे अभय दिले होते, ते त्याच्या या नातवाने १८ ऑक्टोबर १६८५ रोजी रद्द केले. त्याआधीच त्यांच्या घरांत घोडेस्वार सैनिक घुसवून धर्मांतराची सक्ती सुरू झाली होती. आता प्रार्थनामंदिरे पाडण्याचा हुकूम निघाला. धर्मोपदेशकांना १५ दिवसांत देश सोडण्यास फर्मावले गेले. सामान्यांनी मात्र देश सोडल्यास पुरुषांना गलबतांवर वल्ही मारण्याची शिक्षा! तरीही सुमारे दोन लाख माणसे निसटली. त्यांत विणकर, घड्याळजी, कागद करणारे, व्यापारी आणि सैनिकी अधिकारी होते.

अवघ्या तीन आठवड्यांत फ्रीडरिश विल्हेल्मने पोट्सडाम येथून आपले फर्मान काढले. येणाऱ्यांना प्रवासाची मदत, रिकामी घरे, काही वर्षांची करमाफी आणि फ्रेंच भाषेत उपासनेची मुभा त्याने देऊ केली. सुमारे २० हजार लोक त्याच्या राज्यात वसले. त्यांच्या मुलांसाठी १६८९ मध्ये बर्लिनला निघालेली फ्रेंच शाळा आजही चालू आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दुसरे अधिकरण जनपद वसविण्यापासूनच सुरू होते. परदेशातून माणसे आणून भूमी वसवावी आणि त्यांना सवलती द्याव्यात, असे तेथे सांगितले आहे. ज्याने हा ग्रंथ पाहिला असण्याचा संभवच नव्हता, त्या जर्मन संस्थानिकाने नेमके तेच केले.

तो साधुपुरुष होता असे मात्र कोणी समजू नये. १६५३ मध्ये सरदारांशी तडजोड करताना त्याने शेतकऱ्यांना त्यांच्या हवाली केले. १६८२ मध्ये त्याने काढलेली आफ्रिकी कंपनी गुलामांचा व्यापार करीत होती. त्याच्या खात्यावरील ही पापे लपविण्याचे कारण नाही.

आता दोघांच्या पश्चात काय उरले? लुईचा सेनापती आणि दुर्गरचनाकार व्होबाँ याने १६८९ मध्येच लेखी इशारा दिला होता की, ८ ते ९ हजार खलाशी आणि १० ते १२ हजार सैनिक शत्रूला जाऊन मिळाले आहेत; त्यांना परत बोलवा. राजाने ऐकले नाही. त्याच्या मृत्यूसमयी राज्यावर दोन अब्ज लिव्हरांच्या आसपास कर्ज होते आणि वारस होता पाच वर्षांचा पणतू. प्रॉटेस्टंटांना नागरी अस्तित्व परत मिळण्यास १७८७ साल उजाडले. दोनच वर्षांनी राज्यक्रांती झाली. तिची कारणे अनेक होती. पण रिता कोश हे त्यांतील एक प्रमुख कारण होते. इकडे ब्रांडेनबुर्गच्या त्या संस्थानिकाचा पुत्र १७०१ मध्ये प्रशियाचा राजा झाला आणि पणतू फ्रीडरिश दुसरा याने त्या राज्यास युरोपातील प्रबळ सत्तांच्या पंक्तीत बसविले.

बंधुभगिनींनो, याच काळात आपल्याकडे औरंगजेबाने १६७९ मध्ये जिझिया पुन्हा लादला. १६८१ मध्ये तो दक्षिणेत उतरला आणि सव्वीस वर्षांनी, तेव्हाच्या अहमदनगरात, विजयाविना मरण पावला. छत्रपती शिवाजी महाराज १६८० मध्ये गेले, संभाजी महाराजांचे १६८९ मध्ये बलिदान झाले, रायगड पडला. तरी स्वराज्य लढत राहिले. कारण ते केवळ स्वामीवर उभे नव्हते, जनपदाने ते आपले मानले होते.

एकरूपता म्हणजे एकात्मता नव्हे. लुईला एकरूपता हवी होती. तिच्यापायी त्याने आपलीच कष्टाळू माणसे गमावली. उपासनापद्धती अनेक असूनही राष्ट्र एक असू शकते, हा आपल्या समाजाचा अनुभव आहे. तो केवळ अभिमानाने सांगण्याचा विषय नाही, आचरणात जपण्याचा आहे. आज राजे नाहीत, पण राज्यकर्ते आहेत आणि त्यांना निवडणारे आपण आहोत. त्यांनी बांधलेल्या वास्तू जरूर पाहाव्यात. पण त्यांच्या कारकिर्दीत किती माणसांना ही भूमी अधिक आपली वाटली, हे आधी विचारावे. राजधर्माची खरी कसोटी तीच आहे.