नाकाला चकवणारं पान

आपल्याकडे पहिला पाऊस पडला की टाकळा, कुर्डू खुडायला बायाबापड्या रानात जातात. जर्मनीत हा हंगाम मार्च-एप्रिलचा. सावलीतल्या ओलसर जमिनीवर लांबट, मऊ पानांचे ताटवे उठतात आणि रानभर लसणाचा वास सुटतो. ही बेअरलाउख, म्हणजे अस्वलाचा लसूण. हिवाळ्याची झोप संपली की अस्वल आधी हीच पानं खातं, असा तिकडचा जुना समज. लोक पिशव्या भरभरून पानं आणतात, वाटून चटणी करतात, सुपात घालतात.

त्याच दिवसांत ओल्या कुरणांत आणि रानाच्या कडेला कॉल्चिकम या विषारी झाडाचीही तशीच दिसणारी पानं वर येतात. त्याचं जांभळट-गुलाबी फूल ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये फुलतं आणि तेव्हा पान नसतं. वसंतात पान येतं, तर फूल नाही! ओळखीची खूण ऐन वेळी गैरहजर.

मग पान चोळून वास घ्यावा, असं कुणीही सांगेल. पहिल्या दोन-चार पानांपुरतं ते ठीक. पुढं बोटांनाच लसणाचा वास लागतो आणि विषारी पानही लसणासारखंच दरवळतं. म्हणून जाणकार देठ बघतात. बेअरलाउखच्या प्रत्येक पानाला स्वतःचा बारीक देठ असतो. कॉल्चिकमची पानं बिनदेठाची, ताठर, एकाच जागेतून झुबक्यानं निघणारी. मध्ये कधी हिरवं बोंडही दिसतं.

कॉल्चिकममधलं विष म्हणजे कॉल्चिसिन. अगदी थोड्या मात्रेत ते गाऊटवरचं औषध आहे. मात्रा वाढली की पेशींचं विभाजनच थांबवतं. शिजवून ते जात नाही. उलट्या-जुलाब सुरू होतात तेही काही तासांनी, त्यामुळं शिळं-पाकं बाधलं असं वाटतं. पुढं मूत्रपिंड आणि अस्थिमज्जा निकामी होऊ लागतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये या गफलतीनं माणसं दगावली आहेत.

हेच विष सह्याद्रीतही आहे. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी कॉल्चिकमच्याच कुळातली. श्रीलंकेत तिचा कंद रताळं समजून खाल्ल्यानं विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. फूल असेतो तिला कुणीही ओळखतं. पाऊस सरला की वेल वाळून जातो, आणि मातीत राहतो तो फक्त कंद.